अंतराळयात्रेला जामीनदार कोण?

जगात माणसांचे दोन वर्ग आहेत. दाराला कुलूप लावून सरळ निघून जाणारे, आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन कुलूप ओढून पाहणारे. पहिल्या वर्गातल्या लोकांनी खंड शोधले, राज्यं जिंकली, प्रेमविवाह केले. दुसऱ्या वर्गातल्यांनी काय केलं, याचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. कारण तो लिहायचा तर सगळे कागद दोनदा तपासावे लागतात, आणि ते काम दुसऱ्याच वर्गातला माणूस करू जाणे. मी त्या वर्गातला आहे. बी. कॉम. आहे आणि आर्णीच्या एका बँकेत कारकून आहे. कुलूप ओढून पाहण्याचा मला पगार मिळतो.

हा वर्ग आमच्या आर्णीत दिवाळीच्या सुमारास एकदम फुगतो. एरवी आमचं गाव म्हणजे अरुणावतीचा काठ, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरची वर्दळ, बाबा कंबलपोषांचा दर्गा आणि हंगामात कापसाच्या गाड्या. दिवाळीला मात्र पुण्या-हैदराबादकडची कॉम्प्युटरवाली पोरं पाठीला काळ्या पिशव्या लावून घरोघर उगवतात. पोरं अतिशय हुशार आणि अतिशय जपून वागणारी. मोबाईलच्या काचेवर काच, वर कव्हर. दुचाकी घ्यायची तर हेल्मेट आधी, दुचाकी नंतर. लग्न ठरवतानासुद्धा ‘अजून एक-दोन पाहून घेऊ’ म्हणतात.

अशाच चार जणांना गेल्या दिवाळीत चिवडा खाताना मी विचारलं, ‘फुकट तिकीट मिळालं तर अंतराळात जाल का रे?’ पहिल्यानं विम्याचं विचारलं. दुसरा म्हणाला, ‘पहिल्या आवृत्तीत कोण बसतं, काका? दोन-तीन आवृत्त्या जाऊ द्या.’ तिसऱ्यानं यानाचं सॉफ्टवेअर कुणी लिहिलंय याची चौकशी केली आणि उत्तराची वाट न पाहता मान हलवली. चौथा माझा सख्खा भाचा. त्यानं विचारलं, ‘मामा, परतीचं तिकीट कन्फर्म आहे की आर. ए. सी.?’

ओसरीच्या कडेला शेजारचे आजोबा सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, ‘बनवनारेच भेतात, त मंग बसन कोन?’

प्रश्न बिनतोड होता. आमच्या बँकेत असा प्रश्न पडला की मागचं लेजर काढतात. इतिहास म्हणजे तरी दुसरं काय? अंतराळाचं लेजर काढून पाहायचं मी ठरवलं. यंत्र ज्यांना आतून ठाऊक आहे, त्यांनी त्यात पाय ठेवला का, आणि नाही ठेवला तर ते नेमकं काय करत होते?

आपल्या देशाचं अवकाशातलं खातं उघडलं ते २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळात थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावी. अग्निबाण अमेरिकेहून आणलेला, नायकी-अपाची जातीचा. कचेरी एका जुन्या चर्चमध्ये. जागा निवडण्याच्या खटपटीत आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. आणि त्या संध्याकाळी उलटी गणती केली ती प्रमोद काळे नावाच्या तरुण मराठी इंजिनिअरनं. मराठी माणसाला उलटी गणती जड जाऊ नये. महिन्याच्या वीस तारखेनंतर तो दुसरं काय करतो? त्या दिवशी अग्निबाण उचलणाऱ्या क्रेनचं तेल गळायला लागलं, तेव्हा मंडळींनी अंगचा जोर लावून तो हातांनी जागेवर बसवला. अब्दुल कलाम त्या मंडळींत होते. काळ्यांनी शून्य म्हटलं, बाण वर गेला, काळे खाली राहिले. त्यात भित्रेपणा काही नव्हता. बाणात सोडियम भरलेलं होतं, माणसाला बसायला जागाच नव्हती.

पुढे आपण आपला स्वतःचा मोठा अग्निबाण केला, एसएलव्ही-३. १० ऑगस्ट १९७९ ला तो श्रीहरिकोट्याहून सुटायचा होता. शेवटच्या मिनिटांत कॉम्प्युटरनं गणती थांबवली. काहीतरी गळतंय, असं त्याचं म्हणणं. तज्ज्ञांनी आकडे पाहिले, काळजीचं कारण नाही म्हणाले, आणि कलामांनी कॉम्प्युटरला बाजूला सारून बाण सोडला. तो बंगालच्या उपसागरात पडला. हा किस्सा कलाम स्वतः भाषणांतून सांगत असत. मला त्यात त्या कॉम्प्युटरचं कौतुक वाटतं. कॉम्प्युटर असूनही तो आमच्या वर्गातला निघाला. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, तोच अग्निबाण नीट वर गेला.

या सगळ्या काळात अग्निबाणाच्या इंधनाची जबाबदारी ज्यांनी पेलली, त्यांत एक ठळक नाव आपल्या वसंत गोवारीकरांचं. १९७९ ते १९८५ ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. नंतर त्यांनी जो उद्योग हाती घेतला, तो अंतराळात जाण्याहून धाडसाचा होता. त्यांनी पावसाचा अंदाज सांगायला घेतला. सोळा घटकांवर आधारलेलं त्यांचं सूत्र हवामान खात्यानं १९८८ पासून वापरलं. बरीच वर्षं ते चाललं. २००२ च्या दुष्काळाची चाहूल मात्र त्याला लागली नाही आणि खात्यानं ते बदललं. माझ्या काउंटरवर येणाऱ्या एका कास्तकाराला मी हे कौतुकानं सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, तुमचा तो बाण चुकला त समुद्रात पडते. आमचा पाऊस चुकला त आमी कुठी पडावं?’

मी पासबुक छापायला घेतलं. छपाईचं यंत्र आवाज फार करतं, त्याचा अशा वेळी उपयोग होतो.

आता प्रत्यक्ष बसणाऱ्यांकडे वळू. गागारिनपासून पाहिलं तर मान वैमानिकांचा. ३ एप्रिल १९८४ ला रशियन सोयूझमधून वर गेलेले स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा वैमानिक. त्यांच्यासाठी राखीव असलेले रवीश मल्होत्रा वैमानिक. गगनयानासाठी ज्या चौघांची नावं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, तेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. नव्या विमानाचं काय बिघडू शकतं हे स्वतः बसून शोधणं हाच त्यांचा व्यवसाय. तेव्हा त्यांना सोडून देऊ. प्रश्न टेबलाशी बसणाऱ्यांचा आहे.

आणि इथं लेजरमध्ये एक नोंद सापडली, जी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. दूरदर्शन गावोगाव पोचवणारा इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर या स्पेस शटलनं वर नेऊन सोडला होता. पुढचा इन्सॅट-१सी शटलमधूनच १९८६ च्या सप्टेंबरात जायचा होता, आणि बरोबर एक भारतीयही जायचा होता. या वेळी वैमानिक नव्हे. १९८५ मध्ये इस्रोनं आपल्याच घरातले दोन इंजिनिअर निवडले. नागपती चिदंबर भट आणि पी. राधाकृष्णन नायर. म्हणजे ज्यांचं आयुष्य नटबोल्ट, सर्किट आणि तपासणीचे तक्ते यांत गेलं, ती माणसं जायला तयार होती. अग्निबाण कसे आणि कितीदा फुटतात, हे तुमच्याआमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. तरीही ती तयार होती. शेजारच्या आजोबांना उत्तर इथंच मिळायला हरकत नव्हती.

पण नोंद इथं संपत नाही. २८ जानेवारी १९८६ ला तेच चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं आणि आतले सातही जण गेले. शटलची उड्डाणं थांबली. इन्सॅट-१सी अखेर जुलै १९८८ मध्ये युरोपच्या एरियान अग्निबाणावर बसून एकटाच गेला. भट आणि नायर खालीच राहिले.

आदल्या रात्रीची गोष्ट मात्र प्रत्येक बँकवाल्यानं वाचावी अशी आहे. शटलच्या बाजूचे मोठे बूस्टर मॉर्टन थायोकोल नावाची कंपनी बनवी. त्यांच्या सांध्यांत रबराची कडी असते, ओ-रिंग म्हणतात तिला. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग थंडीत ताठ झाली की वाफ कशी फुसफुसते, हे घरच्या मंडळींना विचारा. तोच प्रकार. फ्लोरिडात त्या रात्री कडाक्याची थंडी होती. रॉजर बॉइजली आणि त्यांचे सहकारी फोनवरून जीव तोडून सांगत होते की तापमान साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर सोडू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना हे आवडलं नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत बैठक घेतली, आणि एका साहेबानं दुसऱ्या साहेबाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची टोपी घाल. टोपी बदलली, मत बदललं. शिफारशीच्या कागदावर सही हवी होती. कंपनीचे ॲलन मॅक्डोनल्ड तिथं फ्लोरिडातच हजर होते. सही त्यांनी करायची. ते म्हणाले, मी करणार नाही. मग त्यांच्या वरिष्ठानं यूटाहून सही केलेला कागद फॅक्सनं पाठवला. सकाळी यान सुटलं तेव्हा हवा जेमतेम २ अंश होती.

वाचकहो, मी वर्षानुवर्षं बँकेत आहे. आमच्याकडे नियम असा की एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती तपासून पास करायची. मार्चअखेरीस संध्याकाळी सात वाजता, टार्गेटसाठी वरून फोनवर फोन येत असताना, समोर मोठ्या गिऱ्हाईकाची फाईल असताना, ‘मी पास करत नाही’ हे पाच शब्द... नव्हे, चारच. घाबरलं की मोजतानाही चूक होते. हे चार शब्द म्हणायला जी छाती लागते, तिच्यावर पदक लावायची सोय अजून कुठल्याही सरकारनं केलेली नाही. यानात बसणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. सही न करणाऱ्याची फार तर बदली होते.

पुढे चौकशी झाली. तीत रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी विचारलं, यान बुडण्याची शक्यता किती? वरचे व्यवस्थापक म्हणाले, एक लाखात एक. हाताला ग्रीस लागलेले इंजिनिअर म्हणाले, शंभरात एक. शटल १९८१ ते २०११ या काळात १३५ वेळा उडालं. दोनदा बुडालं. दुसऱ्यांदा, १ फेब्रुवारी २००३ ला, कोलंबियात आपली कल्पना चावला होती. तीही इंजिनिअरच. दोन्ही मिळून चौदा माणसं. १३५ त दोन म्हणजे शेकडा दीड. कुणाचा अंदाज खरा ठरला, ते सांगायला बी. कॉम. व्हावं लागत नाही. आमच्या शाखेची बुडीत कर्जं शेकडा दीडवर आली तर मॅनेजरसाहेब पेढे वाटतील. पण कर्ज बुडालं तर ते खतावणीत बुडतं. इथं शेकडा दीड म्हणजे घरी वाट पाहणारी चौदा कुटुंबं होती.

एवढं सगळं ठाऊक असूनही संगणकाच्या धंद्यातला एक माणूस वर गेलाच. चार्ल्स सिमोनी. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्ड आणि एक्सेल ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले, ते हे गृहस्थ. म्हणजे आमच्या बँकेतलं निम्मं आयुष्य ज्यांच्या चौकटींत जातं, ते. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी सुमारे अडीच कोटी डॉलर मोजून सोयूझमधून अंतराळ स्थानक गाठलं. सुखरूप आले. आणि २००९ च्या मार्चमध्ये पुन्हा गेले! पदरचे पैसे घालून, दुसऱ्यांदा. एक्सेलच्या माणसाची सावधगिरी यात मला स्पष्ट दिसते. फाईल एकदा सेव्ह केली की त्याचं समाधान होत नाही.

जे वर जाऊ शकत नाहीत, त्यांची गैरसोय नको म्हणून अंतराळ अधूनमधून स्वतः खाली येतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात ठिकठिकाणी लोकांनी आकाशात पेटत्या रेघा सरकताना पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनएक मीटर रुंदीचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी अग्निबाणाचा उरलेला भाग असावा, असा जाणकारांचा अंदाज. सुदैवानं कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेतले शिपाई म्हणाले, ‘आपन वर नाही गेलो, त वरचंच खाली येऊन राह्यलं.’ तात्पर्य, घरी बसून राहणं ही जोखीम टाळण्याची खात्रीची रीत नाही.

आता अलीकडच्या दोन नोंदी, आणि लेजर बंद करतो.

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विलमोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून आठेक दिवसांसाठी अंतराळ स्थानकावर गेले. जाताना यानातून हेलियम गळू लागला, काही छोटी इंजिनं रुसली. परत त्याच यानातून आणायचं का? नासाच्या तपासणाऱ्यांना खात्री देता येईना. सही झाली नाही. सप्टेंबरात यान रिकामंच परत आलं. गंमत म्हणजे ते सुखरूप उतरलं. मग कुणीतरी म्हणालं असेलच, ‘बघा, उगाच घाबरलात!’ कुलूप ओढून पाहणाऱ्याच्या नशिबी हे वाक्य कायमचं लिहिलेलं असतं. कुलूप नीट लागलेलं निघालं की सगळे हसतात. सुनीताबाई मार्च २०२५ मध्ये परतल्या. आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटलं नाही. आठ दिवसांच्या डेप्युटेशनवर दुसऱ्या शाखेत गेलेला माणूस तिथल्या मुलीच्या बारशाला आणि मुंजीलाही हजर असतो, इतकी उदाहरणं आहेत. (मुलीची मुंज नसते, हे मला ठाऊक आहे. पण डेप्युटेशन तेवढं लांबतं.)

दुसरी नोंद जून २०२५ ची. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला निघायचे होते. फाल्कन अग्निबाणात द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. अग्निबाण अमेरिकेचा, कंपनी अमेरिकेची, अनुभव त्यांचा. आपण तिकीट काढलेले पाहुणे. पाहुण्यानं किती बोलावं? पण इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांची मंडळी अडून बसली. नुसतं भागवून घ्यायचं नाही, गळती पुरती काढा, पुन्हा तपासा, मग सोडा. तारखेवर तारीख पडली. इकडे आपण टीव्हीसमोर कंटाळलो. अखेर २५ जूनला यान सुटलं, दुसऱ्या दिवशी स्थानकाला लागलं, आणि १५ जुलैला शुक्ला हसतमुखानं परत आले. १९७९ साली गळतं आहे असं सांगणाऱ्या कॉम्प्युटरचं आपण ऐकलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांनी तेच वाक्य आपण दुसऱ्याला ऐकवलं आणि ऐकायला लावलं.

तेव्हा शेजारच्या आजोबांसाठी माझा ताळेबंद असा. सावध माणूस अंतराळात जातो. भट-नायर तयार होते, कल्पना गेली, सिमोनी दोनदा गेले. पण त्याचं खरं काम बसण्याचं नाही. तो या प्रवासाचा जामीनदार आहे. कर्जदार पैसे घेऊन आनंदात बाहेर पडतो, तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस कपाळाला आठ्या घालून पुन्हा पुन्हा अर्ज वाचत असतो. त्याला आपण भित्रा म्हणत नाही. फेडायची वेळ आली तर कुणाच्या दारात जायचं, ते बँकेला पक्कं माहीत असतं.

मला विचाराल, तर मीही जाईन. माझ्या अटी फार नाहीत. यानाच्या कागदावर सह्या करणाऱ्यांत निदान एक जण असा हवा, की ज्यानं आदल्या रात्री एकदा तरी ‘नाही’ म्हटलं होतं आणि त्याचं ऐकून घेतलं गेलं होतं. दौरा लांबला तर भत्ता मिळावा. आणि काहीही करून मला जूनच्या आत परत आणून सोडावं. जूनमध्ये आमच्या तालुक्यातली हजारो माणसं पीककर्ज काढून, आभाळाकडे पाहत, काळ्या मातीत सरकी टोचतात. त्यांच्यासाठी कुणी उलटी गणती करत नाही आणि गळतंय म्हणून कुणी ती थांबवतही नाही. दुबार पेरणीची पाळी आली की ते पुन्हा काउंटरवर येतात. त्या वेळी समोरच्या खुर्चीत कागद नीट वाचणारा माणूस असलेला बरा.